साडेचारशे ग्रॅमचं विमान

फोमचं आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं, विमान करायचंय म्हणून कोणी विचारायला आलं की पहिला प्रश्न हमखास मोटरचा असतो, कुठली घेऊ, किती केव्हीची (एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे) घेऊ, बॅटरी किती मोठी लावू. मी त्यांना आधी किचनमधला डिजिटल वजनकाटा घ्यायला सांगतो, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, चारपाचशे रुपयांत येतो. मोटर नंतर बघू. या हिवाळ्यात मी आणि माझी पुतणी, आठवीत आहे, दोघांनी मिळून एक ट्रेनर, म्हणजे शिकणाऱ्यासाठीचं, विमान पार थर्माकोलच्या स्लॅबपासून केलं आणि उडवलं, आणि त्या सगळ्या कामात आमचा खरा गुरू म्हणजे तो काटा होता, त्यामुळे लिहितोय ते बरंचसं वजनाबद्दलच होणार.

का ते आधी सांगतो. विमानाचं एकूण वजन भागिले पंखाचं क्षेत्रफळ, याला विंग लोडिंग म्हणतात. आमचा पंख १२० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद, म्हणजे २४ चौरस डेसिमीटर. विमान ४८० ग्रॅमचं झालं तर एका चौरस डेसिमीटरवर २० ग्रॅम भार येतो आणि असं विमान हवेत तरंगायला ताशी साधारण २० किलोमीटर वेग पुरतो, म्हणजे आरामात सायकल चालवणाऱ्याचा वेग. तेच विमान ९६० ग्रॅमचं केलं तर किमान वेग दुप्पट होत नाही, वर्गमुळाने वाढतो, पण तरी २८-२९ वर जातो. ऐकायला फरक थोडा वाटतो पण नवशिक्याच्या हातात रिमोट असताना तो फार असतो, कारण वीसच्या वेगाला विमान डावीकडे कलंडलं तर विचार करायला वेळ मिळतो, आणि आपटलं तर धडक वेगाच्या वर्गाने वाढते वर वजनही दुप्पट, म्हणजे जड विमान साधारण चौपट जोरात आपटतं. हलकं विमान पडतं, उचलून परत उडतं. जड विमानाचे तुकडे गोळा करावे लागतात.

म्हणून वहीत पहिल्याच पानावर लिहिलं, साडेचारशे, फार तर चारशे साठ ग्रॅम. मग त्यातून जे कमी करता येत नाही ते आधी वजा केलं. मोटर २२१२ साइजची १००० केव्हीची, ५० ग्रॅम. मोटरचा वेग कमीजास्त करणारा ईएससी ३० अँपिअरचा, २५ ग्रॅम. शेपटीचे भाग हलवणारे दोन नाइन ग्रॅम सर्वो, नावाप्रमाणे नऊ नऊ. रिमोटचे सिग्नल घेणारा फ्लायस्कायचा रिसीव्हर पंधराच्या आसपास. थ्री सेल १००० एमएएच लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी ८५. प्रॉपेलर वगैरे धरून दोनशेच्या थोडं वर. म्हणजे सगळं विमान, पंख शेपूट बॉडी गोंद टेप रबरबँड धरून, अडीचशे ग्रॅमच्या आत बसवायचं. पुष्कळजण इथे २२०० एमएएचची बॅटरी घेतात, जास्त वेळ उडेल म्हणून, पण ती एकटीच १८० ग्रॅम भरते आणि मग ते वजन पेलायला मोटरला जास्त करंट लागतो, त्याने वेळ काही दुप्पट होत नाही. आमच्या छोट्या बॅटरीवर सात-आठ मिनिटं निवांत मिळतात, शिकणाऱ्याची मान आणि डोळे तेवढ्यात दमतातच.

आता फोम. फ्लेक्सवाल्यांकडे मिळणारा सनबोर्ड बघायला छान गुळगुळीत असतो, तो विमानाला घेऊ नका, जडच आहे. स्टेशनरीच्या दुकानातला दोन्ही बाजूंनी कागद लावलेला फोमबोर्ड चालतो, पण कागदाचं वजन आतल्या फोमपेक्षा जास्त असतं, ओल्या फडक्याने भिजवून एका बाजूचा कागद सोलला तर बरंच हलकं होतं. आम्ही बॉडी आणि शेपटीसाठी पाच मिलिमीटरचा एक्सपीएस, म्हणजे दाणे नसलेल्या घट्ट फोमचा, शीट घेतला, एक चौरस मीटरला पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो आणि कटरने सुरेख कापला जातो. पंखासाठी मात्र साधा पांढरा थर्माकोल. आमच्याकडे सांगली तासगाव भागात बेदाण्याची कोल्ड स्टोरेज भरपूर, तिथे भिंतीत घालायचे थर्माकोलचे स्लॅब असतात, इन्सुलेशनचं काम करणाऱ्या एका माणसाकडनं उरलेले दोन तुकडे मिळाले. स्लॅब घेताना हातात घेऊन बघायचा, दाणा बारीक आणि घट्ट पाहिजे पण स्लॅब हलका पाहिजे, घनमीटरला पंधरा-सोळा किलोचा पंखाला उत्तम, त्याहून हलका घेतला तर बोटाने पण दबतो.

पंख कापणं हा या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग आहे त्यामुळे इथे जरा थांबतो. थर्माकोल ब्लेडने कापला की दाणे उपटतात, त्याला गरम तार लागते. नायक्रोमची तार ऑनलाइन मिळते पण मिरजेत राहून तारेसाठी पार्सलची वाट बघायला नको वाटलं, सतारमेकर गल्लीत गेलो आणि सतारीला लावतात ती साधी स्टीलची तार दोन-तीन जाडीत घेऊन आलो. दुकानातल्या आजोबांनी विचारलं कुठल्या सुराला पाहिजे, मी विमान कापायला म्हटल्यावर त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं आणि आपणहून जरा जाड तार दिली, म्हणाले ताणून तापवणार असाल तर बारीक तुटंल. अगदी बरोबर निघालं ते. लाकडी पट्टीचं धनुष्य केलं, एका टोकाला स्प्रिंग, कारण तार तापली की लांबते आणि सैल पडते, मग कापलेला पृष्ठभाग मधोमध खोलगट होतो, स्प्रिंग असली की ताण कायम राहतो. पॉवर सप्लाय व्होल्टेज कमीजास्त करता येणारा घ्या आणि शून्यातनं हळूहळू वाढवत न्या. तार लाल झाली तर फारच जास्त झालं, लाल न होता थर्माकोलमधून लोण्यातनं सुरी जावी तशी गेली पाहिजे. धूर निघतो, तो अजिबात चांगला नाही, गच्चीवर किंवा अंगणातच बसून कापा, खोलीत नको.

आकार घेतला क्लार्क वाय. १९२२ साली व्हर्जिनियस क्लार्क यांनी काढलेला हा पंखाचा छेद, अमेरिकन वैमानिक लिंडबर्ग ज्या विमानातनं एकटा अटलांटिक ओलांडून गेला त्याला पण हाच होता. आमच्यासारख्यांना तो आवडायचं कारण खालची बाजू पुढचा भाग सोडला तर सरळ सपाट आहे, टेबलावर ठेवून चिकटवता येतो, कोन मोजायला सोपा. जाडी रुंदीच्या पावणेबारा टक्के, म्हणजे आमच्या २० सेंटिमीटरला साधारण तेवीस-चोवीस मिलिमीटर. सनमायकाच्या तुकड्यांचे दोन टेम्प्लेट काढले, कड पॉलिश पेपरने गुळगुळीत केली कारण तार एखाद्या खाचेत अडकली की तिथे पंखाला कायमची रेघ पडते, आणि दोन्हीवर एक ते दहा खुणा केल्या. स्लॅबच्या दोन टोकांना टेम्प्लेट, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला पुतणी, आणि ती आकडे म्हणणार, एक, दोन, तीन, आकड्याला दोघांची तार त्याच खुणेवर पाहिजे. "काका तू पुढं पळतोयस, पाचवर थांब" असं दोनदा ऐकून घेतलं. एकेक अर्धा पंख साठ सेंटिमीटरचा. कापून झाला आणि वरचा तुकडा उचलला की आतून तो आकार निघतो ना, गुळगुळीत, पुढे गोल आणि मागे कागदासारखा निमुळता, तो बघितल्यावर तिने काही न बोलता थेट काट्यावर नेऊन ठेवला. दोन्ही मिळून ६४ ग्रॅम. एवढ्या मोठ्या वस्तूचं एवढं कमी वजन, हातात घेतल्याशिवाय पटत नाही.

नुसता थर्माकोल वाकवला की मोडतो म्हणून मधून काहीतरी ताठ घालावं लागतं, त्याला स्पार म्हणायचं. कार्बन फायबरची नळी मस्तच असते पण आम्ही बांबू घातला, बुरूडाकडनं आणलेली कांब, सहा बाय तीन मिलिमीटर तासून, पूर्ण पंखाला मिळून पंधरा ग्रॅम. तासताना गाठी एका रेषेत येतील अशा ठेवू नका. दोन अर्धे जोडताना दोन्ही टोकं सहा-साडेसहा सेंटिमीटर वर उचलून जोडले, ही व्ही आकाराची उचल म्हणजे डायहेड्रल, यामुळे विमान कलंडलं तर आपोआप सरळ व्हायला बघतं आणि एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, लागतच नाहीत, नुसत्या रडरने, म्हणजे शेपटीच्या उभ्या हलत्या पट्टीने, वळतं. दोन सर्वोचं वजन वाचलं आणि शिकणाऱ्याला एक काळजी कमी.

गोंदाबद्दल न विचारता सांगतो कारण इथे लोकांचे पैसे वाया जातात. फेव्हिक्विक थर्माकोलला लावला की तो खड्डा पाडत खातो, चपलेला लावतात तो पिवळा चिकट गोंद पण तेच करतो. साधा पांढरा फेव्हिकॉल उत्तम, फक्त दोन फोमच्या मध्ये हवा लागत नाही म्हणून वाळायला पूर्ण दिवस जातो, घाई असली तरी दिवसभर दाबून ठेवायचाच. ग्लू गन झटपट असते पण तिची कांडी काट्यावर ठेवून बघा एकदा, वीस ग्रॅमच्या पुढे भरते, आणि उत्साहात तीन कांड्या विमानात कधी जातात कळत पण नाही. आम्ही ग्लू गन फक्त सर्वो आणि मोटरच्या प्लायवूड तुकड्याला थेंब थेंब वापरली. टेपचं पण तसंच, सगळं विमान रंगीत टेपने गुंडाळलं की दिसतं झकास आणि वीसपंचवीस ग्रॅम वाढतात. आम्ही पंखाची पुढची कड आणि खालची बाजू तेवढी केली, एका पंखाखाली लाल आणि दुसऱ्याखाली काळी, लांबून कुठली बाजू कुठली ते कळायला. चाकं लावलीच नाहीत. माळावर गवतात पोटावर उतरवायचं, चाकं गवतात अडकून विमान उलटतं त्यापेक्षा ते बरं, चाळीस ग्रॅम वाचतात ते वेगळेच.

बॉडी म्हणजे एक लांबट खोका, त्यात सांगण्यासारखं फार नाही. शेपटीच्या हलत्या भागांना ४५ अंशाची कड तासून टेपचीच बिजागरी केली, कंट्रोल हॉर्न, म्हणजे त्या भागांना लावायची छोटी शिंगं, जुन्या एटीएम कार्डातून कापले, सर्वोपासून तिथे जाणाऱ्या पुशरॉड सायकलच्या स्पोकच्या नाही तर एक मिलिमीटर तारेच्या, स्पोक जड पडतो. पंख बॉडीवर रबरबँडने बांधला, आडव्या-तिडव्या काढून, जोरात आपटलं तर पंख सुटून बाजूला होतो आणि काही मोडत नाही. मोटर मात्र सरळ लावायची नाही. तिचं तोंड दोन-तीन अंश उजवीकडे आणि तीन-चार अंश खाली पाहिजे, कारण प्रॉपेलर फिरताना विमानाला डावीकडे ओढतो, आणि वर पंख असलेलं विमान थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, वाढवला की नाक वर करून उभं राहायला बघतं. दोन वॉशर मोटरच्या खाचेत सरकवून हा कोन येतो.

सगळं जोडून काट्यावर ठेवलं, ४५८. पुतणीने वहीत लिहून त्याभोवती चौकट काढली.

यानंतरचं काम पाच मिनिटांचं पण सगळं त्याच्यावर. पंखाच्या पुढच्या कडेपासून पाच सेंटिमीटरवर, म्हणजे रुंदीच्या पाव भागावर, दोन्ही बाजूंना खालून बोटं लावून विमान उचलायचं आणि ते समतोल राहिलं पाहिजे, नाक किंचित खाली झुकलं तर चालतं, शेपूट झुकली तर अजिबात उडवायचं नाही. समतोल आणायला शिसं वगैरे लावू नका, बॅटरीच पुढेमागे सरकवा, म्हणून बॅटरीची जागा आधीपासून लांब ठेवायची. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, टेबलावर मोटर तपासताना प्रॉपेलर काढून ठेवा, दरवेळी, ११ व्होल्टवर ही मोटर मिनिटाला दहा हजाराच्या आसपास फिरते आणि बोटाला ते कळत नाही की विमान छोटं आहे.

रिसीव्हरमध्ये रडरची वायर चौथ्या चॅनलऐवजी एलेरॉनच्या चॅनलला लावली, म्हणजे वळवणं आणि वर-खाली करणं दोन्ही उजव्या हातात, पुढे एलेरॉनचं विमान आलं की हाताची सवय तीच राहते. फेलसेफला, म्हणजे सिग्नल तुटला तर, थ्रॉटल शून्य केला. पुतणीने महिनाभर रोज रात्री पिकासिम नावाच्या फुकट सिम्युलेटरवर हात बसवला होता. विमान आपल्याकडे तोंड करून येताना डावं-उजवं उलटं होतं, त्यात भलेभले गोंधळतात, तिला मी एकच सांगितलं होतं की जो पंख खाली गेलाय त्या बाजूला रिमोटची काडी ढकलायची, त्याला खालून टेकू दिल्यासारखी.

उडवायला आम्ही आरगच्या बाजूला एका माळावर जातो, शाळू निघाल्यावर शेजारची रानं पण मोकळी होतात. इथे जागा निवडताना गवतापेक्षा आजूबाजूला काय आहे ते बघायचं. द्राक्षबागेच्या तारा आणि खांब म्हणजे फोमला करवत, आणि ऊस तर त्याहून अवघड, वरून मऊ दिसतो पण बारा फूट उसात विमान गेलं की पाच पावलांवरचं दिसत नाही. एकाचं असंच गेलं होतं तेव्हा तो बांधावर उभा राहून रडर हलवत राहिला आणि आम्ही सर्वोच्या किर्रकिर्र आवाजावर आत शिरून शोधलं, पानांनी हात कापून निघाले. नियम पण बघून ठेवा, ड्रोन रूल्स २०२१ मध्ये छंदासाठीची विमानं मॉडेल या गटात येतात, २५ किलोपर्यंत, नजरेच्या टप्प्यातच उडवायची, विमानतळाच्या आसपासचे लाल-पिवळे झोन सोडून, आणि हिरव्या झोनमध्ये १२० मीटरच्या खाली. १२० मीटरवर आमचं विमान तसंही चिमणीएवढं दिसतं, आम्ही चाळीस-पन्नासवरच खूश असतो.

सकाळी सातच्या सुमारास, थंडी आणि वारा शून्य. आधी मोटर बंद ठेवून गवतावर नुसतं हातातून सोडून बघितलं, क्षितिजाच्या रेषेत, वर फेकायचं नाही. नाक न उचलता न आपटता पंधरा-वीस पावलं सरळ सरकत गेलं आणि पोटावर बसलं. मग बॅटरी, रेंज तपासणी, काड्या हलवून रडर आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची आडवी पट्टी) योग्य बाजूला हलतायत ना ते मागे उभं राहून बघितलं. पुतणी फेकणार, मी उडवणार. थ्रॉटल पाऊण केला, तिने तीन पावलं पळून भाल्यासारखं सरळ सोडलं आणि विमान तिच्या हातातून निघून गेलं, खाली बुडलंच नाही, चढतच गेलं. उजवीकडे थोडं ओढत होतं, रडरला चार टिक ट्रिम, म्हणजे कायमची बारीक दुरुस्ती, दिला, सरळ झालं. थ्रॉटल अर्ध्यावर आणला तरी उंची धरून होतं, अजून कमी केला, तरी होतं. शेवटी एक तृतीयांशावर ते माळाभोवती इतक्या सावकाश फिरत होतं की पंखाखालची लाल-काळी टेप स्पष्ट दिसत होती. दुसऱ्या बॅटरीला रिमोट तिच्या हातात दिला, मी शेजारी हात पुढे करून उभा. पहिली दोन वळणं मोठी झाली, मग आठचा आकडा काढला तिने. समोरून आपल्याकडे येताना ओठ हलत होते, खालचा पंख, खालचा पंख.

रानाचे मालक बैल घेऊन निघाले होते ते थांबले. "पाव्हणं, ह्यानं औषध मारता येतंय का?" आता द्राक्षाला आणि उसाला ड्रोनने फवारणी करतात ते त्यांनी बघितलेलं. मी म्हटलं नाही मामा, हे साडेचारशे ग्रॅमचं, ह्याला वाटीभर पाणी पण झेपायचं नाही. ते म्हणाले मग नुसतंच उडतंय? हो म्हटलं. "मग ऱ्हाऊ द्या, उडू द्या" म्हणाले आणि बैल सोडून आमच्यासोबत अर्धा तास बसले, लँडिंग झालं की विमान आणून द्यायला तेच पुढे.

आणि ज्या गोष्टीसाठी हा सगळा ग्रॅमग्रॅमचा खटाटोप वसूल झाला असं मला वाटतं ती फेब्रुवारीच्या शेवटी झाली. साडेदहा वाजले होते, ऊन तापायला लागलेलं, शेजारी ताजी नांगरलेली काळी रानं आणि त्याला लागून हिरवी बाग. काळी जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा सुटून वर जाते, त्याला थर्मल म्हणतात, डोळ्यांना दिसत नाही पण घारींना कळतं. दोन घारी पंख न हलवता तिथे गोल फिरत वर जात होत्या. पुतणीला म्हटलं तिकडे ने आणि मोटर बंद कर. मोटर बंद असताना आमचं विमान सेकंदाला एक मीटरच्या आत खाली येतं, त्यामुळे हवा तेवढीच वर जात असली तरी ते तरंगतं. घारींच्या खाली गेलं आणि डावा पंख आपोआप उचलला गेला, म्हणजे वर जाणारी हवा त्या बाजूला, तिने तिकडेच वळवलं, बारीक गोल धरला. प्रॉपेलर थांबलेला. विमान वर जात होतं. घारी काही घाबरल्या नाहीत, एक तर अगदी जवळून बघून गेली. चांगली पाच-सहा मिनिटं मोटरशिवाय, मग फार बारीक दिसायला लागलं म्हणून एलिव्हेटर ढकलून मुद्दाम खाली आणावं लागलं. उतरल्यावर बॅटरी तपासली तर प्रत्येक सेल ३.९ व्होल्टच्या वर, म्हणजे अर्ध्याहून जास्त शिल्लक. ८०० ग्रॅमचं विमान त्या सकाळच्या मंद थर्मलमध्ये टिकलं नसतं, ते बसलंच असतं खाली.

आता वारा सुटलाय, वळवाचे दिवस आले, त्यामुळे उडवणं बंद, बॅटऱ्या ३.८ व्होल्टच्या स्टोरेजला आणून पत्र्याच्या डब्यात ठेवल्यात. उन्हात उभ्या गाडीत लिपो कधीही ठेवू नका. पावसाळ्यात एलेरॉनचा दुसरा पंख करायचा विचार आहे, या वेळी थर्माकोल न कापता एक्सपीएस शीटचाच, वर अर्ध्या रुंदीपर्यंत दुसरा थर चिकटवून पायरी ठेवलेला. ही पायरीची पद्धत रिचर्ड क्लाइन आणि फ्लॉइड फोगलमन या दोघांनी काढली, मूळ कल्पना कागदी विमानातली, अमेरिकेत १९७२ साली पेटंट पण मिळालं. करायला एक संध्याकाळ पुरते, स्टॉल, म्हणजे वेग फार कमी झाल्यावर पंखाची उचल सुटणं, तो पण मवाळ येतो म्हणतात. दोन जादा सर्वो धरूनही एकूण वजन ४८० च्या आत बसवायचं असं माझं म्हणणं. पुतणीने वहीत ४६५ लिहिलंय आणि नाइन ग्रॅमच्या जागी पाच ग्रॅमचे सर्वो कुठे मिळतात ते शोधत बसलीय.